दंतकथांमधून शाळा शिकवता येते का? कारंज्याची कस्तुरी, लोणारचा राक्षस आणि चौथीचा वर्ग

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) गावात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावात आला. एवढा महागडा माल घेणार कोण? तेव्हा गावातला एक श्रीमंत सावकार पुढे आला. त्याची हवेली बांधायचं काम सुरू होतं. त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकली. म्हणून ती कस्तुरीची हवेली.

ही गोष्ट खरी आहे का?

मोठ्या माणसांना विचारलं तर दोनच उत्तरं येतात. एक, 'अर्थात खरी, आमचे आबाजी सांगायचे.' दुसरं, 'काहीतरीच काय, सगळ्या थापा.' पण हाच प्रश्न चौथीच्या वर्गाला दिला आणि हातात वही-पेन्सिल दिली, तर त्यातून भाषा, गणित, विज्ञान आणि इतिहास असे चार विषय बाहेर पडतात.

प्राथमिक शाळेचं एक अख्खं सत्र दंतकथांभोवती गुंफायचं, ही कल्पना नेमकी याच जागी सुरू होते. ती काय आहे, कुठून आली, कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात ती कशी राबवता येईल आणि त्यात कुठे जपून पाऊल टाकावं लागतं, ते समजून घेऊया.

आधी दंतकथा म्हणजे काय?

आपण पुराणकथा, लोककथा, दंतकथा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. लोकसाहित्याचे अभ्यासक मात्र त्यात फरक करतात.

पुराणकथा देवादिकांच्या, सृष्टीच्या उत्पत्तीच्या, फार दूरच्या काळातल्या असतात. लोककथा 'एक होता राजा' अशी सुरू होते. हा राजा कुठला, कधीचा, हे कुणी विचारत नाही, कारण ती गोष्ट आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. दंतकथा किंवा आख्यायिका या दोन्हींच्या मध्ये बसते. तिला गाव असतं, तळं असतं, हवेली असते, माणसाचं नाव असतं. ती घडून गेली असं सांगितलं जातं.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनीही हा फरक केला होता. त्यांच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ मध्ये आला आणि जर्मन दंतकथांचा संग्रह त्यांनी १८१६ पासून वेगळा छापला. पुढे अमेरिकन अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी १९६५ मध्ये मिथक, दंतकथा आणि लोककथा अशी त्रिस्तरीय विभागणी मांडली. ती आजही वापरली जाते.

शिकवण्याच्या दृष्टीने दंतकथेची गंमत हीच आहे. तिचा एक पाय गोष्टीत आणि एक पाय जमिनीवर असतो. ज्या तळ्याची गोष्ट आहे ते तळं मुलांना दाखवता येतं.

ही पद्धत आली कुठून?

इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तिसरी-चौथीच्या वयोगटातल्या मुलांनी परीकथा, मिथकं आणि दंतकथा वाचाव्यात आणि त्यातल्या काही तोंडी सांगाव्यात, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा एक विषय धरून काही आठवडे सगळं शिक्षण त्याभोवती फिरवतात. त्यात दंतकथा हा ठरलेला विषय असतो.

पण आपल्याकडे हा विचार त्याच्याही खूप आधी आलेला आहे.

गुजरातमधल्या भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. मुलं काही केल्या ऐकत नाहीत. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग त्याच्या हाती येतो. पुढे याच गोष्टींमधून तो वाचनाकडे आणि इतिहासाकडे वळतो.

गिजुभाईंच्या सहकारी होत्या ताराबाई मोडक. लग्नानंतर त्या काही काळ विदर्भातच, अमरावतीत राहिल्या होत्या. भावनगरच्या अनुभवानंतर त्यांनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचं काम उभं केलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुलांच्या आसपास जे आहे, म्हणजे पानं, शिंपले, गाणी, गोष्टी, तेच शिक्षणाचं साहित्य, हा त्यांचा आग्रह होता. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आत्ताचं सरकारी धोरणही याच बाजूचं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेत शिकवायला सांगतं. ३ ते ८ वयोगटासाठी २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात गोष्ट सांगण्याला मोठी जागा आहे. महाराष्ट्रात बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हावार काढली होती, तीही याच विचारातून. वाशिमच्या मुलाने आधी वाशिम ओळखावं, मग जग.

धनजच्या आसपास काय सापडतं?

धनज हे कारंजा तालुक्यातलं गाव. इथल्या शिक्षकाला दंतकथा शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. तालुका आणि जिल्हा त्यांनी भरलेला आहे.

कारंजा हे नाव करंज ऋषींवरून पडलं असं मानतात. ऋषींना मोठी व्याधी जडली, त्यांनी अंबादेवीची आराधना केली, देवीने तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ते बरे झाले, अशी कथा आहे. दत्त संप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचं जन्मस्थानही कारंजाच. जन्मल्यावर ते फक्त ॐकार उच्चारत, मुंज होईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत आणि मुंजीनंतर थेट वेद म्हणू लागले, असं गुरुचरित्रात येतं.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपश्चर्येमुळे देव इथे एकत्र आले, म्हणून हे नाव, असं स्थानमाहात्म्य सांगतं.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं जैन मंदिर आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, ही तिची ख्याती. एका राजाचा रोग इथल्या पाण्याने बरा झाला आणि त्यातून ही मूर्ती सापडली, अशी कथा आहे.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. एक दिवस वाटीभर पाणीही रुपयाला विकलं जाईल, असं महाराज सांगून गेले, असं बंजारा समाजात सांगतात.

आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार. लवणासुर जमिनीखाली लपून राहायचा, विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, वरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं आणि राक्षसाला मारलं. राहिला तो खड्डा म्हणजे सरोवर. तिथल्या दैत्यसूदन मंदिराचं नावही याच कथेतलं.

एक गोष्ट, तीन रकाने

आता वर्गात हे कसं आणायचं? चांगल्या दंतकथा-सत्राचा गाभा फार साधा आहे. फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिला, लोक काय सांगतात. दुसरा, आपल्याला काय दिसतं. तिसरा, लिहिलेलं काय सापडतं.

वाशिमचं उदाहरण घ्या. लोक सांगतात वत्स ऋषींची गोष्ट. दिसतं पद्मतीर्थ आणि जुनी मंदिरं. लिहिलेलं? १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. तो वत्सगुल्महूनच दिलेला आहे. वाकाटकांची इथली शाखा अभ्यासकांना नीट कळली ती या ताम्रपटामुळे. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरून घेतलं.

म्हणजे ऋषींची गोष्ट ताम्रपटात नाही, पण गोष्टीने जपलेलं गावाचं नाव ताम्रपटात आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे कळलं, तर इतिहास म्हणजे काय याची अर्धी कल्पना त्याला आली.

लोणारला हेच रकाने वेगळं काही देतात. लोक सांगतात लवणासुर. दिसतो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा आणि खारं पाणी. लिहिलेलं म्हणजे शास्त्रज्ञांचं काम. बेसॉल्टच्या खडकात अशनी आदळून हे विवर झालं, कारण प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काचेसारखी खनिजं तिथे सापडली. पण ते कधी झालं? एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षं निघालं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. विज्ञानही स्वतःचा आकडा पुन्हा तपासतं, हे मुलांनी पाहणं महत्त्वाचं आहे.

आणि गोष्टीतलं नाव बघा. लवण म्हणजे मीठ. पाणी खारं आहे हे गोष्ट सांगणाऱ्यांनी चाखलं होतं. अशनीचं ज्ञान नसताना लोकांनी डोळ्यांसमोरच्या दोन कोड्यांचं, म्हणजे एवढा मोठा खड्डा आणि खारं पाणी, आपल्या परीने उत्तर शोधलं.

कस्तुरीचं गणित

आता पुन्हा हवेलीकडे. कस्तुरी मिळते कस्तुरीमृगाच्या नराकडून. त्याच्या एका ग्रंथीत साधारण २५ ग्रॅम कस्तुरी असते. एका उंटावर समजा १०० किलोच ओझं होतं. १०० किलो म्हणजे १ लाख ग्रॅम. भागिले २५. उत्तर येतं ४,०००.

एका उंटासाठी चार हजार हरणं. दहा उंट असतील तर चाळीस हजार.

वर्गात इथे गलका होतो, आणि तो व्हायलाच हवा. मग पुढचा प्रश्न. कस्तुरीमृग राहतो कुठे? उंच हिमालयात. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट दिसतं, कस्तुरीमृग नाही. मग हिमालयातला माल वऱ्हाडात कसा पोचला असेल? नकाशा काढा, रस्ता आखा. आज या प्राण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण का द्यावं लागलं? परिसर अभ्यासाचा तास इथेच होऊन जातो.

तर मग गोष्ट खोटी ठरली? इथेच शिक्षकाचं खरं काम सुरू होतं.

१६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं, ही इतिहासातली नोंद आहे. इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्या वर्णनानुसार उंची कापड, सोनं, चांदी मिळून सुमारे एक कोटीची लूट चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली गेली. म्हणजे कारंजा त्या काळी बडी बाजारपेठ होती. कस्तुरीचे उंट हिशोबात बसत नाहीत, पण 'आमच्या गावात इतका पैसा होता की लोक भिंतीत सुगंध घालायचे' ही आठवण हवेतून आलेली नाही.

आणि एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारलं की, 'सर, ते चार हजार बैल तरी कुणी मोजले?' तर समजावं की सत्र यशस्वी झालं. प्रश्न फक्त दंतकथेला विचारायचा आणि पुस्तकाला विचारायचा नाही, असा नियम नाही.

पूर्ण सत्र कसं दिसेल?

विदर्भात उन्हाळा लांबतो, म्हणून शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तिथून दिवाळीपर्यंत पंधरा-सोळा आठवडे मिळतात. दंतकथांसाठी हा काळ फार सोयीचा आहे, कारण पोळा, तान्हा पोळा, भुलाबाई, दसरा, कोजागिरी हे सगळं याच सत्रात येतं.

सुरुवातीचे आठवडे फक्त ऐकण्याचे. मुलांनी घरी आजी-आबाजींना एकच प्रश्न विचारायचा: 'आपल्या गावाचं नाव धनज कसं पडलं?' तीन घरांतून तीन उत्तरं आली तर उत्तमच. तिन्ही लिहून ठेवायची. कुठलं बरोबर हे लगेच ठरवायचं नाही.

मग सांगण्याचे आठवडे. पहिली-दुसरीची मुलं चित्रं काढून गोष्टीचा क्रम लावतात. तिसरीची मुलं जिल्ह्याच्या नकाशावर गोष्टींची ठिकाणं मांडतात. चौथीची मुलं तीन रकाने भरतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. ही गाणी मुलांनी गोळा केली तर भाषेचा प्रकल्प वेगळा करावा लागत नाही.

शेवटचे आठवडे तुलनेचे. करंज ऋषी तळ्यात बरे झाले. शिरपूरचा राजाही पाण्याने बरा झाला. वेरूळच्या कैलास लेण्याची दंतकथा सांगतात, तिथेही एल राजाचा रोग कुंडातल्या स्नानाने जातो. तीन ठिकाणं, देव वेगळे, धर्मही वेगळे, पण गोष्टीचा सांगाडा एकच. असं का? उन्हाळ्यात पाण्याची वाट बघणाऱ्या मुलखात पाण्याच्या जागेला पवित्र मानलं गेलं, तर ती जागा लोक जपतात. मुलं यावर स्वतःची उत्तरं देतील आणि ती ऐकण्यासारखी असतील.

दोन शिक्षकी शाळेत जमेल का?

उलट तिथेच जास्त जमेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-दोन, कधी त्याहून जास्त इयत्ता. चार पुस्तकं एकाच वेळी शिकवणं अवघड. पण गोष्ट एकच सांगायची आणि काम इयत्तेनुसार वेगळं द्यायचं, हे शक्य आहे.

मूलभूत कौशल्यांचं काय? २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता यावं. दंतकथांचं सत्र या कामाच्या आड येऊ नये. रोजच्या वाचनाचा आणि गणिताचा ठरलेला वेळ तसाच ठेवून, त्यातला मजकूर गोष्टीतून घ्यायचा. मुलीने स्वतः आजीकडून आणलेली गोष्ट फळ्यावर लिहिली, की ती वाचायला तिला वेगळं सांगावं लागत नाही.

घरी गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा मुलांसाठी तर हा मोठा मोका आहे. एरवी वर्गात गप्प बसणारं मूल सेवालाल महाराजांची गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगतं आणि मग सगळे मिळून ती मराठीत लिहितात. त्या दिवशी तज्ज्ञ ते मूल असतं. वाटीभर पाण्याची गोष्ट झाली की दुकानातल्या पाण्याच्या बाटलीची किंमत विचारायची. महिन्याला किती, वर्षाला किती? गणित पुन्हा हजर.

जपून कुठे राहायचं?

पहिली गोष्ट कायद्याची. संविधानाच्या कलम २८(१) नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मांविषयी, परंपरांविषयी माहिती देणं वेगळं. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. म्हणजे गोष्ट सांगता येते, अभ्यासता येते. पूजा-आरती करून घेणं किंवा 'यावर विश्वास ठेवा' असं सांगणं बसत नाही.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. कलम ५१क(ज) वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. पण म्हणून शिक्षकाने आठ वर्षांच्या मुलासमोर त्याच्या आजीची श्रद्धा खोडून काढायची नाही. त्यामुळे 'खरं की खोटं?' हा प्रश्नच टाळलेला बरा. त्याऐवजी विचारावं, 'हे आपल्याला कसं कळलं?' या प्रश्नाने घरात भांडण होत नाही आणि विचारही थांबत नाही.

तिसरी गोष्ट निवडीची. सगळ्या गोष्टी एकाच समाजाच्या झाल्या तर वर्गातली बाकीची मुलं पाहुणी होतात. गावातल्या दर्ग्याची, तांड्याची, विहाराची, शेतातल्या म्हसोबाची गोष्ट यायलाच हवी. ज्या स्थळावरून पंथांमध्ये न्यायालयापर्यंत वाद गेलेत, तिथे शिक्षकाने गोष्टीपुरतंच थांबावं, मालकीत शिरू नये. शिरपूर हे त्याचं जवळचं उदाहरण. आणि एखाद्या कथेत जातीवरून कुणाला हिणवलेलं असेल, तर ती गाळावी किंवा मोठ्या इयत्तेसाठी ठेवावी.

हे सगळं कशासाठी?

'युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं' हा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही, तरी तो वर्षानुवर्षं फिरतोय. नाव मोठ्या संस्थेचं, भावना अभिमानाची, पुरावा शून्य. बांधणी बघितली तर ही आजची दंतकथाच आहे. फरक एवढाच की जुनी दंतकथा एका गावातून दुसऱ्या गावात जायला पिढी लागायची, हिला एक सेकंद पुरतो.

फोन कधी ना कधी मुलाच्या हातात येणारच आहे. त्याआधी चौथीत त्याने उंटावरच्या कस्तुरीचा हिशोब केला असेल, एकाच नावाची तीन उत्तरं लिहून ठेवली असतील, तर मेसेज पुढे ढकलण्याआधी त्याला तीन रकाने आठवण्याची शक्यता वाढते.

आणि हिशोब चुकला म्हणून त्याला हवेलीची गोष्ट आवडायची थांबणार नाही. आजीने सांगितलेली गोष्ट जपायची आणि तिला प्रश्नही विचारायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. ते शिकायला चौथीचं वय अगदी योग्य आहे.